ब्लॉकेजच्या आधीची तीस वर्षं

पुण्यात कुणी अचानक गेल्याची बातमी आली की भेटायला जमलेल्या माणसांत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. 'अहो, परवाच तर टेकडीवर भेटले होते' हे एक. 'महिन्यापूर्वीच सगळ्या टेस्ट नॉर्मल आल्या होत्या' हे दुसरं. दोन्ही खरी असतात. माणूस रोज चालत होता, स्ट्रेस टेस्टमध्ये काही निघालं नव्हतं, आणि तरीही झटका आला. हे कसं होतं ते एकदा नीट समजलं, की झटका टाळण्यासाठी काय करायचं याचं निम्मं उत्तर हाती येतं.

हृदय हा मुठीएवढा स्नायू आहे. दिवसाला साधारण एक लाख वेळा तो आकुंचन पावतो. त्याच्या कप्प्यांतून सतत एवढं रक्त वाहत असतं, पण त्या रक्तातून त्याला स्वतःचं पोषण फारसं घेता येत नाही. त्यासाठी महाधमनीच्या अगदी मुळाशी फुटणाऱ्या वेगळ्या धमन्या असतात, त्यांना कोरोनरी धमन्या म्हणतात. मोठ्या फांद्या तीन, आणि त्यांची रुंदी जेमतेम तीन-चार मिलिमीटर. यांपैकी एखादी फांदी बंद पडली की तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू मरायला लागतो. हाच हार्ट अटॅक.

फांदी बंद कशी पडते, याबद्दल आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक चित्र पक्कं बसलेलं आहे: नळात क्षार साचत जातो, भोक लहान होत जातं आणि एक दिवस पाणी थांबतं. हे चित्र दिशाभूल करतं. धमनीतला आजार पोकळीत नसतो, भिंतीच्या आत असतो, आणि तो साचलेल्या क्षारापेक्षा गळवासारखा वागतो.

धमनीच्या आतल्या बाजूला पेशींचं एक अतिशय नाजूक अस्तर असतं. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएल नावाचे कण या अस्तरातून भिंतीत शिरतात. त्यांतले काही तिथेच अडकतात आणि खराब होतात. मग पांढऱ्या पेशी त्यांना साफ करायला येतात, ते खाऊन फुगतात, मरतात, आणि भिंतीत चरबीचा मऊ लगदा तयार होतो. शरीर त्यावर तंतूंचं झाकण घालतं. हाच प्लाक. सुरुवातीची बरीच वर्षं धमनी बाहेरच्या बाजूला फुगून त्याला जागा करून देते, त्यामुळे आतली वाट मोकळीच राहते. दुखत नाही, दम लागत नाही, ईसीजीत काही दिसत नाही.

धोका त्या झाकणात असतो. भिंतीत दाह चालू राहिला की झाकण पातळ होतं, आणि कधीतरी फाटतं. आतला लगदा रक्ताला लागताच शरीराला वाटतं जखम झाली, आणि तिथे गुठळी धरते. काल जी वाट निम्म्याहून जास्त मोकळी होती ती काही मिनिटांत बंद होऊ शकते. हार्ट अटॅक आलेल्या कितीतरी जणांत फाटलेला प्लाक आधी फार अरुंद न झालेल्या जागीच होता, असं दिसून आलेलं आहे. स्ट्रेस टेस्ट फक्त एवढंच पाहते की जोरात चालल्यावर हृदयाला रक्त कमी पडतं का. ते कमी पडायला वाट साधारण ७० टक्के अरुंद व्हावी लागते. त्यामुळे ती टेस्ट नॉर्मल येणं आणि भिंतीत आजार असणं या दोन गोष्टी एकाच शरीरात सुखाने नांदू शकतात.

मग हा आजार सुरू कधी होतो? कोरियातल्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी वय २२. त्यांतल्या ७७ टक्के तरुणांच्या कोरोनरी धमन्यांत आजाराच्या खुणा सापडल्या. धडधाकट, कवायत करणारी मुलं ही. म्हणजे पन्नाशीत आलेला झटका विशी-पंचविशीत सुरू झालेला असतो. मधल्या तीस वर्षांत तो दिसत नाही, आणि टाळायची खरी संधी नेमकी त्याच वर्षांत असते.

या वर्षांचं महत्त्व सांगणारं मला सर्वांत पटलेलं संशोधन २००६ सालचं आहे. काही माणसांत पीसीएसके-नाइन नावाच्या जनुकात जन्मतःच एक बदल असतो आणि त्यामुळे त्यांचं एलडीएल आयुष्यभर कमी राहतं. अमेरिकेतल्या अशा कृष्णवर्णीयांत एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्क्यांनी कमी होतं, आणि कोरोनरी हृदयविकाराचं प्रमाण तब्बल ८८ टक्क्यांनी कमी. उतारवयात गोळी घेऊन एलडीएल साधारण ३९ अंकांनी खाली आणलं, तर मोठ्या झटक्यांचं प्रमाण काही वर्षांत सुमारे पाचव्या हिश्शाने घटतं. हा फायदाही मोठाच आहे, पण लवकर आणि दीर्घकाळ कमी राहण्याचा परिणाम कितीतरी जास्त. भिंतीला एलडीएलचा आजचा आकडा कळत नाही. आकडा गुणिले वर्षं, हा हिशोब ती ठेवते.

एलडीएल भिंतीत शिरायला मदत करणारेही आहेत. वाढलेला रक्तदाब अस्तरावर सतत मार देतो. तंबाखू अस्तर बिघडवते, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवते. इथे तंबाखू म्हणजे फक्त सिगारेट नव्हे, चुना लावून मळलेली आणि गुटख्यातलीही. बायकांची मिश्रीसुद्धा तंबाखूच असते, हे घरात कुणी मोजतच नाही. डॉक्टरांनी 'व्यसन आहे का' विचारलं की आजी मनापासून 'नाही' म्हणते, कारण मिश्री तिला दात घासण्यासारखीच वाटते. वाढलेली साखर हे आणखी एक मोठं कारण. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट या ५२ देशांतल्या अभ्यासात कोलेस्टेरॉल, तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि दारू या नऊ बाबींशी पहिल्या झटक्याचा सुमारे ९० टक्के धोका जोडलेला आढळला. नशिबाच्या वाट्याला आपण समजतो त्यापेक्षा खूप कमी उरतं.

त्याच अभ्यासातून आपल्यासाठी एक काळजीची गोष्ट पुढे आली. दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला झटका येण्याचं मधलं वय ५३ निघालं, इतर देशांत ते ५९च्या जवळ होतं. आपल्याकडे हा आजार साधारण सहा वर्षं आधी दार ठोठावतो. का, याच्या उत्तराचा एक मोठा भाग पुण्यातच शोधला गेला आहे, आणि पुणेकरांना तो माहीत असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

बारीक दिसणारं, पण आतून लठ्ठ शरीर

रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास करत आले आहेत. इथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळं हाडा-मांसाने चांगलीच कमी भरली, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणाऱ्या या बाळांत स्नायू कमी आणि चरबीचा वाटा जास्त. संशोधनात यासाठी 'थिन-फॅट' हा शब्द रूढ झाला.

हेच मोठेपणी कसं दिसतं ते दाखवायला डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. उंची-वजनावरून काढला जाणारा बीएमआय दोघांचा सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्याने दोघांना एकच उत्तर दिलं होतं.

त्यामुळे 'मी कुठे जाडा आहे?' हा आपल्याकडचा युक्तिवाद फारसा कामाचा नाही. हात-पाय काडीसारखे आणि सदऱ्याखाली गोल पोट, ही ठेवण आपल्याकडे घरोघरी दिसते. पोटातली चरबी यकृताला आणि साखरेच्या नियंत्रणाला त्रास देते. म्हणून भारतीयांसाठी मर्यादा वेगळ्या आहेत: बीएमआय २३च्या वर गेला की वजन जास्त, २५च्या वर लठ्ठपणा. पण मला विचाराल तर काट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त उपयोगाची. श्वास सोडून, पोट आत न ओढता, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध घेर मोजायचा. पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांत ८०च्या आत असावा.

रिपोर्ट वाचताना

लॅबच्या कागदावर उजवीकडे छापलेली 'नॉर्मल' पट्टी सगळ्यांना सारखीच असते. तुमचं एलडीएल किती असावं हे मात्र तुमच्या धोक्यावर ठरतं. भारतातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार धोका कमी असलेल्यांनी ते १००च्या खाली, जास्त धोका असलेल्यांनी ७०च्या खाली, आणि आधीच झटका येऊन गेलेल्यांनी ५५च्या खाली ठेवावं. म्हणजे झटका येऊन अँजिओप्लास्टी (अरुंद झालेली धमनी फुग्याने उघडण्याची प्रक्रिया) झालेल्या माणसाचा ९५ हा आकडा कागदावर ठळक अक्षरात येणार नाही, आणि तरीही तो त्याच्यासाठी जास्तच आहे. 'सगळं नॉर्मल आहे' म्हणून गोळी सोडून देणारे बरेच जण इथेच फसतात.

लायपोप्रोटीन-ए नावाची एक तपासणी फार कमी लोक करतात. हा कण आई-वडिलांकडून येतो, आहार-व्यायामाने त्याची पातळी जवळपास हलत नाही, आणि ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका वाढतो. आयुष्यात एकदा तपासली की पुरते. वडिलांना किंवा भावाला ५५च्या आधी, आईला किंवा बहिणीला ६५च्या आधी हृदयविकार झाला असेल तर ती जरूर करून घ्यावी. पातळी जास्त निघाली तरी घाबरायचं कारण नाही. बाकीच्या सगळ्या बाबतीत जास्त कडक राहायचं, एवढाच तिचा अर्थ.

रक्तदाब घरी मोजणं फार सोपं आहे आणि तेवढंच चुकीचं केलं जातं. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, जिना काही नको. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, पाय जमिनीवर, दंडाला पट्टा, हात टेबलावर हृदयाच्या उंचीवर, आणि बोलायचं नाही. दवाखान्यात १४०/९० आणि घरी १३५/८५ किंवा त्यावर आकडे वारंवार येत असतील तर ते 'टेन्शनमुळे' म्हणून सोडून देऊ नयेत. रक्तदाबाने डोकं दुखतं, चक्कर येते, ही समजूत घातक आहे. बहुतेकांना तो काहीच जाणवू देत नाही.

बायकांबद्दल इथे थांबून सांगायला हवं. गरोदरपणात रक्तदाब वाढला असेल किंवा साखर वाढली असेल, तर बाळंतपणानंतर ती फाइल कपाटात जाते आणि कुणाला आठवतही नाही. पण अशा बाईला पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असतो. चाळिशीत तपासणीला गेल्यावर ही गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगावी. ते विचारतीलच असं नाही.

ताटातलं आणि टेकडीवरचं

खाण्याबद्दल मी फार नियम सांगणार नाही. आपलं जुनं ताट मुळात चांगलं होतं: ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळ, पालेभाजी, कोशिंबीर, जवस किंवा कारळाची चटणी, ताक. बिघाड त्याच्या आजूबाजूला झाला. भात-पोळी वाढली, उसळ वाटीतून चमच्यावर आली. अमृततुल्यच्या चहाचे दिवसाला चार कप, प्रत्येकात साखर. उपासाच्या दिवशी साबुदाणा खिचडी आणि बटाट्याचा कीस, म्हणजे नुसता स्टार्च आणि तूप. उपास करणाऱ्यांनी भगर, शेंगदाण्याची आमटी, ताक, काकडी, फळं यांकडे वळायला हरकत नसावी.

खरा मुद्दा तीन गोष्टींचा आहे. पहिलं मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत सांगते, म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, शेव, फरसाण, ब्रेड सगळं धरून. ताटातल्या डाव्या बाजूचं मीठ काढून टाकणं ही सुरुवात. दुसरी गोष्ट वनस्पती तूप. खारी, नानकटाई, पॅटिस यांत ते पूर्वी सर्रास असे. २०२२ पासून भारतात तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आहे, हे चांगलं झालं. पण त्याच तेलात पुन्हापुन्हा तळलेली भजी आणि वडे अजून आहेतच. तिसरं, साजूक तूप. यावर पुण्यात वाद घालणारे दोन्ही बाजूंनी त्वेषाने बोलतात. वरणभातावर चमचाभर ठीक. पण ते हृदयासाठी औषध आहे, कितीही खा, असं म्हणणं चूक. त्यातले संपृक्त मेद एलडीएल वाढवतात. रोजच्या फोडणीला शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल, तेही मोजून.

चालण्याचा पुरावा लंडनच्या दुमजली बसमधून आला. १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी दाखवलं की दिवसभर बसून बस चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांत कोरोनरी हृदयविकार कमी होता. पुण्याला वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, पर्वती अशा जागा घरापासून हाकेच्या अंतरावर मिळाल्या आहेत. फार थोड्या शहरांना हे भाग्य लाभतं, आणि या टेकड्या वाचवण्यासाठी लोक भांडतात तेव्हा ते हृदयांसाठीही भांडत असतात. आठवड्याला किमान १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने. हिंजवडीला जाऊन-येऊन दहा-अकरा तास बसणाऱ्याने सकाळी टेकडी केली तरी दर तासाला उठावं. आणि आपल्या शरीरात स्नायूच कमी असल्यामुळे आठवड्यातून दोनदा बैठका, जोर किंवा वजनं यांची गरज आपल्याला इतरांपेक्षा जास्त आहे. साखर सर्वांत जास्त खेचून घेतो तो स्नायूच.

गोळी आणि स्टेंट

एलडीएल कमी करणाऱ्या स्टॅटिन या गोळीचं नाव ऐकलं की बरीच माणसं बिचकतात: एकदा लागली की सुटत नाही, स्नायू दुखतात, यकृत खराब होतं. ती बहुधा कायम घ्यावी लागते हे खरं, कारण एलडीएल तयार होणंही कायम चालू असतं. साखर थोडी वाढू शकते हेही खरं. पण ज्यांना धोका आहे त्यांच्यात फायदा त्याहून बराच मोठा. स्नायूदुखीबद्दल २०२० मध्ये एक सुंदर प्रयोग झाला. त्रास होतो म्हणून गोळी सोडलेल्यांना काही महिने स्टॅटिन, काही महिने तशाच दिसणाऱ्या रिकाम्या गोळ्या, काही महिने काहीच नाही, असं दिलं. स्टॅटिनवर जेवढा त्रास नोंदवला गेला, त्यातला सुमारे ९० टक्के रिकाम्या गोळीवरही झाला. त्रास खोटा नव्हता, पण त्यातला बहुतेक गोळीतल्या औषधामुळे नव्हता. म्हणून त्रास झाला तर गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. डोस किंवा औषध बदलता येतं.

स्टेंटबद्दल, म्हणजे धमनी उघडी ठेवायला आत बसवतात त्या जाळीच्या नळीबद्दलही, स्पष्ट असावं. झटका चालू असताना अँजिओप्लास्टी जीव वाचवते, तिथे विचार करत बसायचं नाही. पण प्रकृती स्थिर असताना, तपासणीत ब्लॉकेज दिसलं म्हणून स्टेंट टाकला, तर पुढचा झटका किंवा मृत्यू टळतो असं २००७ आणि २०२०च्या मोठ्या चाचण्यांत दिसलं नाही. छातीत दुखणं मात्र त्याने कमी होतं. कारण सुरुवातीला सांगितलं तेच: स्टेंट एका जागेची वाट उघडतो, आजार सगळ्या भिंतींत असतो. डाव्या मुख्य धमनीतला अडथळा किंवा कमकुवत झालेलं हृदय असेल तर गणित वेगळं. तातडी नसेल तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्यात कुणाचा अपमान नसतो.

तरीही दुखलंच तर

छातीच्या मधोमध दडपण, कुणीतरी बसल्यासारखं. ते जबड्यात, खांद्यात, डाव्या हातात पसरणं. दरदरून घाम, मळमळ, दम. बायकांत, वयस्कर माणसांत आणि मधुमेहींत छातीत न दुखता फक्त दम, थकवा किंवा पोटात वरच्या बाजूला अस्वस्थपणाही असू शकतो. आपल्याकडे या सगळ्याचं नाव 'गॅस' असतं. ओवा, सोडा, थोडं पडून बघू, मुलगा ऑफिसमधून आला की जाऊ, यात सर्वांत मोलाचे दोन-तीन तास जातात. गॅस आहे की हृदय, हे घरी ओळखता येत नाही; डॉक्टरांनाही ईसीजी आणि रक्ताच्या तपासणीशिवाय येत नाही.

१०८ला फोन करा. माणसाला बसवून ठेवा, जिना उतरायला लावू नका, दुचाकीवर मागे बसवून तर मुळीच नेऊ नका, आणि त्याने स्वतः गाडी चालवू नये. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नसेल आणि रक्तस्रावाचा आजार नसेल तर ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्या. जिभेखालची गोळी मात्र डॉक्टरांनी त्याच माणसाला लिहून दिलेली असेल तरच. ती रक्तदाब एकदम खाली आणू शकते. माणूस बेशुद्ध पडला, श्वास नीट चालत नसेल, तर छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा, मदत येईपर्यंत.

एक काम आजच करून ठेवता येईल. तुमच्या घरापासून जवळ, रात्रीही अँजिओप्लास्टी होते असं रुग्णालय कोणतं आहे ते शोधा आणि संध्याकाळच्या गर्दीत तिथे पोहोचायला किती वेळ लागतो ते बघा. तो नंबर, घेत असलेल्या गोळ्यांची यादी आणि शेवटच्या ईसीजीचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ठेवा. जुना ईसीजी समोर असला की नवीन बदल कोणता, हे ड्यूटीवरच्या डॉक्टरांना लगेच कळतं.